देखभालीसाठी बंद

९ फेब्रुवारी

प्रिय चिंगी,

अनेक आशीर्वाद.

तू बरी असशील. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. तुझ्या आईचा गुडघा आता बराच सुधारलाय. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबते, पण दुखतंय म्हणून थांबले असं मात्र कबूल करत नाही; खिडकीतून काहीतरी बघायचं होतं म्हणते. तुझ्या मामीने गच्चीत टोमॅटो लावलेत. कुंड्या बारा, टोमॅटो आतापर्यंत चार. त्यातला एक मी तिला न विचारता खाल्ला. त्यानंतर दोन दिवस घरात फक्त कामापुरतं बोलणं झालं.

माझं पत्र बघून तुला आश्चर्य वाटलं असेल. फोन तू उचलत नाहीस, आणि खरं सांगायचं तर मीही दोनदाच केला. पत्ता ताईने दिला. आधी 'नाही' म्हणाली, मग 'तिला त्रास होईल असं काही लिहायचं नाही' म्हणाली, आणि शेवटी स्वतःच कागदावर लिहून माझ्या खिशात कोंबला. बर्फाच्या कारखान्यात लागून तुला दहा महिने झाले हेही तिच्याकडूनच कळलं. "इंजिनियर झालेली पोर रबरी बूट घालून बर्फाच्या लाद्या मोजते," असं म्हणाली. पण शेजारणीने तेच वाक्य म्हटल्यावर तिने शेजारणीला असं काही सुनावलं की आता ती बाई आमच्या दारावरून पाय न वाजवता जाते.

माझी बातमी अशी की मी कॉलेजातून डिसेंबरपासून सहा महिन्यांची रजा घेतली आहे. अर्जात 'संशोधन' असं लिहिलंय. रोज सकाळी आठला डबा घेऊन एका शेडमध्ये जातो. शेड म्हणजे पत्र्याचं छप्पर, सिमेंटची जमीन, एका भिंतीला मेलेले कॉम्प्रेसर ओळीने लावलेले, दुसऱ्या भिंतीला तांब्याच्या नळ्यांची वेटोळी. बसायला एकच खुर्ची, तिलाही तीनच पाय; चौथ्याच्या जागी रंगाचा डबा. माझ्या पांढऱ्या शर्टांपैकी तीन आता पांढरे राहिलेले नाहीत. मामी म्हणते, सत्तावन्नाव्या वर्षी माणसाला पाटी-पेन्सिल दिली की असंच व्हायचं.

ही शेड कोणाची ते आता सांगतो. आधी सांगितलं असतं तर तू पत्र इथवर वाचलं नसतंस. थंड खोल्या दुरुस्त करणाऱ्या तुझ्या जुन्या कंपनीच्या मोठ्या मिस्त्रींकडे मी जातो.

हो, तेच. दोरीने बांधलेला चष्मा घालणारे. तीन महिन्यांत कंपनीने तुला काढलं त्या दिवशी ते तुला म्हणाले होते ना, "तुझ्या मास्तरला घेऊन ये, त्याला तरी येतं का बघू"? तू काही मला न्यायला आली नाहीस. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून मीच गेलो.

ते आता कंपनीतून निवृत्त झालेत. शेड त्यांची स्वतःची. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "या. बूट मात्र हे चालायचे नाहीत."

त्या दिवशी आपल्याकडे जेवताना जे बोलणं झालं, त्यावर आज लिहीत नाही. अभ्यासक्रम समितीसाठी थोडी प्रत्यक्ष माहिती हवी होती, म्हणून हा उद्योग, असं समज. उद्योगधंद्यांना काय हवं आणि आपण काय शिकवतो यावर एक टिपण लिहायचं मनात आहे.

तब्येतीला जप. बर्फाजवळ काम आहे, कानाला रुमाल बांधत जा.

तुझा,
मामा


२१ एप्रिल

प्रिय चिंगी,

अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड पोचलं. वर मायना नाही, खाली नाव नाही, मधे एक ओळ: "मिस्त्रींनी गेज हातात दिले तेव्हा काय केलंत?"

कार्ड येऊन तीन आठवडे झाले. तीनदा उत्तर लिहायला बसलो. पहिल्या खेपेला शीतचक्राच्या तत्त्वावर दीड पान झालं. वाचून बघितलं आणि फाडलं. माझी खोड तुला माहीत आहे. अडचणीचा प्रश्न आला की मी फळ्याकडे वळतो.

तर काय केलं ते ऐक. पहिल्याच आठवड्यात एका बेकरीच्या थंड खोलीचं काम आलं. मिस्त्रींनी पेटीतून गेज काढले, तेच, दाब मोजायचे, दोन घड्याळं आणि तीन रंगांच्या नळ्या. माझ्या हातात देऊन म्हणाले, "लावा, मास्तर." निळी नळी कमी दाबाच्या बाजूला, लाल जास्त दाबाच्या बाजूला, पिवळी गॅसच्या टाकीला. सत्तावीस वर्षं मी हे फळ्यावर काढतोय. खडूही रंगीत वापरतो. पण माझ्या आकृतीत कॉम्प्रेसर नेहमी उजवीकडे असतो आणि नळ्या सरळ रेषेत जातात. इथे कॉम्प्रेसर जमिनीवर, कोपऱ्यात, एका कपाटामागे, आणि त्यातून निघालेल्या दोन्ही नळ्या सारख्याच मळलेल्या. कमी दाबाची कुठली आणि जास्त दाबाची कुठली? मी उकिडवा बसून बघत राहिलो. बेकरीवाली बाई पिठाचे हात कमरेवर ठेवून माझ्याकडे बघत होती.

मग मी निळी नळी लाल जागी लावायला निघालो.

मिस्त्रींनी माझं मनगट धरलं. हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "हात लावून बघा ना. हळू, एक भाजते. भाजते ती जास्त दाबाची, गार ती कमी दाबाची. गेजच्या आधी हात."

इतकं सोपं होतं, चिंगे. कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणारा वायू तापलेला असतो हे मी दरवर्षी सांगतो, परीक्षेत विचारतो, आणि लिहिलं नाही तर दोन गुण कापतो. ते बोटाला कळेल हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

त्यानंतर रोज शिकतोय. नळीला झाळ मारायला शिकलो. पहिल्या नऊ सांध्यांपैकी आठ गळले, आणि जो गळला नाही तो मिस्त्रींनी केला होता असं नंतर कळलं. मागच्या महिन्यात एका फुलांच्या गोदामात गेलो. खोली गार होईना, गेजवर कमी बाजूचा दाब घसरलेला. मी पटकन म्हणालो, "गॅस कमी आहे." मिस्त्रींनी फिल्टरकडे बोट दाखवलं, ती मुठीएवढी तांब्याची कुपी, जी ओलावा आणि कचरा अडवते. "एक हात अलीकडे, एक पलीकडे." लावला. अलीकडे कोमट, पलीकडे चांगलंच गार. फिल्टर तुंबला होता.

आणि तिथे गुडघ्यावर बसल्या बसल्या मला कळलं, की तुला त्या औषधांच्या गोदामात जे दिसलं होतं ते हेच. तुलाही दाब कमी दिसला, तूही गॅस कमी आहे असं समजून गॅस भरलास, मशीन बंद पडलं आणि आतली औषधं धावपळ करून दुसरीकडे हलवावी लागली. तुझं उत्तर जसंच्या तसं माझं होतं. माझ्याच नोट्समधलं. 'दाब कमी' याच्यासमोर 'गॅस कमी' असं मीच लिहून दिलंय.

परतताना मिस्त्रींना हे सांगितलं. ते गाडी चालवत होते. म्हणाले, "ती पोर चुकली खरी. पण चुकल्यावर दहा मिनिटांत तिने स्वतः फोन केला. 'मी गॅस भरलाय, तापमान चढतंय, माझ्याकडून काहीतरी चुकलंय, या.' माझ्या उभ्या आयुष्यात असा फोन मला कुणी केलेला नाही. सगळे आधी लपवतात. मी साहेबांना सांगितलं, हिला ठेवा, ही शिकेल. नाही ऐकलं. मास्तरला घेऊन ये म्हणालो ते तिला टोमणा म्हणून नव्हतं हो. तुमच्यावर राग होता."

यातलं तुला काही माहीत नसणार, म्हणून लिहिलं.

आता खरं लिहायचं ते. मामी झोपाळ्यावर बसून टोमॅटोच्या पानांवरच्या अळ्या वेचतेय, दुपारचे चार वाजलेत, आणि माझा हात चालत नाहीये.

आपल्या प्रयोगशाळेतलं ते शीतकरणाचं मशीन. निळ्या कापडाखाली झाकलेलं, वर पाटी, 'देखभालीसाठी बंद'. तू तिसऱ्या वर्षाला असताना एकदा मला विचारलं होतंस, "मामा, ते चालू करूया ना एकदा." मी म्हणालो होतो, "परीक्षेत येत नाही ते." तुम्ही सगळ्यांनी मग वरच्या वर्गाच्या वह्यांतून आकडे उतरवले, त्यांनी त्यांच्या वरच्यांच्या वह्यांतून उतरवले होते, आणि मी सगळ्यांवर सह्या केल्या. तुला पंचाण्णव दिले.

ते मशीन कुठल्याही देखभालीसाठी बंद नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी भर वर्गात मी त्याचा चुकीचा व्हॉल्व्ह उघडला. सगळा गॅस फुस्सकन बाहेर आला, मी दचकून मागे उडी मारली, स्टुलावरून पडलो, आणि मुलं हसली. त्याच दिवशी मी त्यावर कापड घातलं. परवा मिस्त्रींना विचारलं तेव्हा म्हणाले, अर्ध्या दिवसाचं काम होतं. पण कुणाला बोलवायचं म्हणजे काय झालं ते सांगायला हवं होतं, आणि विभागप्रमुख असून मला मशीन चालवता येत नाही हे सगळ्यांना कळलं असतं. म्हणून अकरा वर्षं कापड. किती मुलं त्या कापडाशेजारून पदवी घेऊन बाहेर पडली याचा विचार मी कालपर्यंत केला नव्हता. तू दहा मिनिटांत फोन केलास.

त्या दिवशी जेवताना तू घरात पहिल्यांदा मला 'सर' म्हणालीस. "सर, पंचाण्णव दिलेत तुम्ही मला. कशाचे?" सगळ्यांचे घास थांबले. आणि मी म्हणालो, "तुझीच मेहनत कमी पडली असेल." ताईसमोर म्हणालो. ते खोटं होतं. म्हणताना मला माहीत होतं की ते खोटं आहे. तू पान तसंच ठेवून उठलीस आणि मी आणखी वाढून घेतलं, कारण हात थांबला असता तर सगळ्यांना कळलं असतं.

मला माफ कर, बाळा. हे समोर येऊन म्हणायला हवं, तेही म्हणेन. पण समोर आलो की माझी जीभ फळ्याकडे वळेल अशी भीती वाटते. म्हणून आधी लिहून ठेवलं.

मामा


१७ जुलै

प्रिय चिंगी,

अनेक आशीर्वाद, आणि शिफ्टची जबाबदारी मिळाल्याबद्दल शाबासकी. ताईने ही बातमी पूर्ण गल्लीला सांगितली. त्या शेजारणीला दोनदा.

तुझं सात पानी पत्र मी चार वेळा वाचलं. पहिली तीन पानं मला जे सुनावलंस ते रास्तच आहे. त्यातलं एकही वाक्य मला खोडावंसं वाटलं नाही. 'तुम्ही चुकलात याचा राग नव्हता, मला एकटीला चुकीचं ठरवलंत याचा होता' हे वाक्य मात्र वाचून मी गच्चीत जाऊन बसलो. मामीने कारण विचारलं नाही. एक टोमॅटो आणून दिला.

आता इकडचं ऐक. रजा संपवून हजर झालो त्याच दिवशी प्राचार्यांना सगळं सांगितलं. ते पेपरवेट फिरवत बसले. मग म्हणाले, "अकरा वर्षं? अहो, मधे तीन वेळा तपासणी समिती येऊन गेली!" मी म्हणालो, "त्यांनीही कापड उचललं नाही." ते त्यांना फारसं आवडलं नाही. विभागप्रमुखपद गेलं. वैतागवाडी सुटली म्हण. माझ्या खोलीत आता तुझ्याहून दहाच वर्षांनी मोठी असलेली बाई बसते, हुशार आहे, आणि मुख्य म्हणजे तिने पहिल्या दिवशी विचारलं, "मशीन कधी उघडायचं?"

मी मिस्त्रींना आणलं. फाटकावरच्या रखवालदाराने त्यांना सामान पोचवणारा समजून मागच्या दाराला पाठवलं. त्यांना काही वाटलं नाही, मला वाटलं. प्रयोगशाळेत तेवीस मुलं उभी होती. कापड काढल्यावर इतकी धूळ उडाली की अर्धा वर्ग शिंकत होता. मिस्त्री म्हणाले, "मी हात लावणार नाही. मास्तर सांगतील, तुम्ही करायचं." मी सांगितलं. एका मुलीने झाळ मारली, दोन गळत्या निघाल्या, पुन्हा मारली. फिल्टर बदलला. दुपारपर्यंत गॅस भरून झाला.

मधेच मिस्त्रींनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "मास्तर, एक सांगा. फिल्टर तुंबला की पलीकडची बाजू गार होते हे मला पस्तीस वर्षं माहीत आहे. का होते?" मी खोक्याच्या पुठ्ठ्यावर काढून दाखवलं. द्रव झालेला गॅस बारीक फटीतून ढकलला की दाब एकदम उतरतो, त्यातला थोडा द्रव तिथेच उकळतो, आणि उकळायला लागणारी उष्णता तो स्वतःमधूनच घेतो. ते पुठ्ठा घेऊन दाराशी उजेडात गेले. परत आले आणि म्हणाले, "म्हणजे तो फिल्टर चुकून खोली गार करायचं काम करायला लागतो. वा!" मग जरा चिडूनच, "हे असं पोरांना का नाही सांगत?" म्हणालो, "दरवर्षी सांगतो." म्हणाले, "नळीला हात लावून नाही सांगत."

तिथून पुढे आम्ही दोघं मिळून शिकवतो. आठवड्यातून दोन दुपारी ते येतात, आता पुढच्या दाराने.

पण खरी मजा पुढेच आहे. मशीन सुरू झालं, मुलांनी तापमानं घेतली, दाब घेतले, आणि मशीन खाल्लेल्या विजेच्या मानाने किती गारवा देतं तो आकडा काढला. वर्षानुवर्षं सगळ्या वह्यांत तो तीन पूर्णांक आठ आहे. तुझ्याही वहीत. खरा आला दोन पूर्णांक सहा. मग पहिला येणारा विद्यार्थी हात वर करून म्हणाला, "सर, मशीन चुकतंय."

चिंगे, मी हसत सुटलो. मिस्त्रीही हसले, त्यांना तर कमी ऐकू येतं, मी हसतोय म्हणून हसले. मग मी मुलांना म्हटलं, आता पुढचा महिनाभर हे शोधायचं, की एक पूर्णांक दोन कुठे गेला. उष्णता बाहेर टाकणारी कंडेन्सरची जाळी साफ केली, थोडा वाढला. उघडी नळी गुंडाळली, आणखी थोडा. आज दोन पूर्णांक नऊवर आहोत. मुलं कॉलेज सुटल्यावर घरी जात नाहीत. दोन पालक तक्रार घेऊन आले, की मुलं परीक्षेचा अभ्यास सोडून नळ्या पुसत बसतात. नव्या विभागप्रमुखबाईंनी त्यांना प्रयोगशाळेत नेलं आणि त्यांच्याच मुलांना समजावून सांगायला लावलं. एकाचं समाधान झालं. दुसऱ्याचं नाही. चालायचंच.

आता तुझ्याकडे एक काम आहे. पुढच्या महिन्यात प्रात्यक्षिक परीक्षा आहे. बाहेरून परीक्षक बोलवायचा असतो, पदवी आणि कारखान्यातला एक वर्षाचा अनुभव हवा. आजवर शेजारच्या कॉलेजचे आमचे मित्र येत, चहा घेत आणि सह्या करून जात. या वेळी बाईंनी मला नाव विचारलं, मी तुझं दिलं. आपलं नातं मी आधीच सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "भाची तुमची बाजू घेईल का?" मी म्हटलं, "तिचं सात पानी पत्र दाखवू का?" त्या म्हणाल्या, नको, मग चालेल.

तू ये. मुलांना वाटेल ते विचार. मशीन मुद्दाम बिघडवून ठेव आणि बिघाड शोधायला लाव. ज्याला येत नाही त्याला नापास कर, मी एका अक्षराने मधे पडणार नाही. त्यांतली काही अडखळतील, ते मला आत्ताच दिसतंय. पण नापास झालेली पुन्हा मशीनपाशी उभी राहतील, आता ते चालू आहे. त्या दिवशी मी खोलीबाहेर बसेन. मिस्त्रींना मात्र आत राहायचंय, तुला भेटायचंय म्हणतात.

राहता राहिला तुझ्या पत्रातला प्रश्न. बर्फाच्या कारखान्यात खाऱ्या पाण्याच्या टाकीत दोनशे डबे बुडवलेले, आणि रोज कोपऱ्यातल्या चारच डब्यांतला बर्फ काचेसारखा न निघता दुधासारखा पांढरा का निघतो. मी सगळी पुस्तकं काढून बसलो होतो. दोन-तीन तर्क बांधले, पाण्याच्या फिरण्याचा, हवेच्या बुडबुड्यांचा. सुबक अक्षरात पानभर लिहूनही काढले. मग वाटलं, मी ती टाकी पाहिलेली नाही, त्या पाण्यात हात घातलेला नाही.

चिंगे, याचं उत्तर मला माहीत नाही. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी कुठल्याच विद्यार्थ्याला म्हणालो नव्हतो. तुला पहिलीला म्हणतोय. परीक्षा झाल्यावर मला तुमच्या कारखान्यात घेऊन चल आणि ते कोपऱ्यातले चार डबे दाखव. रबरी बूट मी घेऊन ठेवलेत.

तुझाच,
मामा